मधातल्या बाईची वाटणी

"एकट्या बक्स्याचा इलाज नाई होत जी, भैयाजीभाऊ. दोन्ही आना लागतीन."

"काहून? अकरा वर्सं तं एकेकाचाच करून राह्यला होतास."

"तवा बिमारी येगळी होती. आता जोडीची हाये. एका बैलाले ताप आला तं त्याले एकट्याले दवाखान्यात नेता येते. पन जोडच चालत नसन, एक इकडं अन् एक तिकडं ओढत असन, तं दोन्ही जुवाखाली घालून पाह्या लागते."

भैयाजी सेलोकर विचारात पडला. तो आला होता साध्या कामासाठी. माघात त्याच्या मुलीचं, खुशबूचं, लग्न होतं. तिला लाखांदूरला दिलं होतं आणि आंदणात आपल्या वाट्याचा विलायती बक्सा देणार, हे भैयाजीने साक्षगंधातच चारचौघांत सांगून टाकलं होतं. खुशबूला वाशिंग मशीन पाहिजे होती. भैयाजीचं म्हणणं असं की मशीन तर कोणीही देते. तेव्हा कवडूने बक्सा घासूनपुसून, पॉलिश मारून द्यावा, एवढंच काम.

कवडू रामटेके खोटं बोलणारा माणूस नव्हे. आसगावच्या बसथांब्याला लागून त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार वाचणार नसेल तर तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो, आणि गिऱ्हाईक पवनीला निघून जाते. पण बक्सा लाखांदूरला गेला म्हणजे जोडी कायमची फुटली, हे त्याच्या ध्यानात आलं. आणि ती जोडी एकत्र वाजलेली त्याने एकदाही ऐकली नव्हती. म्हणून चोपन्नाव्या वर्षी तो पहिल्यांदा खोटं बोलला. आत नवीन कपॅसिटर टाकावे लागतील, म्हणाला, आणि ते बसायला दोन्ही बक्से आठ दिवस एका छताखाली वाजवत ठेवावे लागतील. नाही तर लग्नाच्या मांडवातच आवाज फाटेल.

हे बक्से म्हणजे स्पीकर. कमरेएवढे उंच, पन्नास वर्षांमागचे, विलायती बनावटीचे. एकेक उचलायला दोन माणसं लागतात. भैयाजीचे वडील केशवराव नागपूरला एका डॉक्टरीणबाईची गाडी चालवत. बाई मुलाकडे परदेशात कायमची निघाली तेव्हा तिने हे दोन बक्से, त्यांचा ॲम्प्लिफायर आणि पिशवीभर कॅसेटी केशवरावांना देऊन टाकल्या. केशवरावांनी ते गावात आणले, एकावर एक रचले आणि वरून टीव्ही ठेवला. पुढे मुलीच्या लग्नात मोठ्याने वाजवताना त्यातल्या एकाचा बारीक आवाजाचा तुकडा जळाला. तो कवडूकडे आला. कवडूने महिनाभर खपून तो दुरुस्त केला, आणि ज्या आठवड्यात दोन्ही जोडून वाजवायचं ठरलं त्याच आठवड्यात केशवराव गेले.

तेरवी झाली आणि परसराम आणि भैयाजी, दोघं भाऊ, वाटणीला बसले. धानाच्या बांध्यांवरून भांडले, बैलांवरून भांडले, पाण्याच्या पितळी गुंडावरून तर बोलणं बंद झालं. बक्स्यांवरून मात्र एक शब्द झाला नाही. दोन बक्से, दोन भाऊ. डावा परसरामने नेला, उजवा भैयाजीने. अख्ख्या वाटणीत तेवढीच गोष्ट गोडीगुलाबीत झाली म्हणून लोक अजून तिचं नाव काढतात.

कवडू तेव्हा तिथे उभा होता. त्याने सांगून पाहिलं की हे दोन नाहीत, हे एक आहे. पोस्टाने रेडिओचा कोर्स केला होता त्याने, त्याच्या पुस्तकात चित्रासकट दिलेलं होतं. गाणं भरतानाच दोन बाजूंना वाटून भरतात. काही साजिंदे एका बक्स्यात, काही दुसऱ्यात, गाणारी दोन्हीत सारखी. दोन्हींपासून सारख्या अंतरावर, बरोबर मधात बसलं की गाणारी समोर उभी दिसावी अशी ऐकू येते, तिथे काहीही नसताना. परसरामने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काहीच नाही तिथून ऐकू येते तर मग बक्से कशाला पाहिजेत.

तर त्या दिवसापासून दोन घरांत एकेक बक्सा वाजू लागला, मधात नवीन विटांची भिंत. ॲम्प्लिफायर परसरामच्या वाट्याला गेला, भैयाजीने पवनीहून दुसरा आणला. वडिलांच्या कॅसेटी दोघांनी पेन ड्राइव्हवर भरून घेतल्या. त्यात एका बाईचं गाणं होतं, ते केशवरावांच्या आवडीचं. परसरामच्या घरी ते बासरीसंगं वाजे, भैयाजीच्या घरी तबल्यासंगं. एका लग्नाच्या पंगतीत परसराम म्हणाला, त्या गाण्यातली बासरी लय भारी. भैयाजी म्हणाला, त्या गाण्यात बासरी नाहीच. दोघांनीही देवाची शपथ घेतली, आणि दोघंही खरं बोलत होते. वरणभात तसाच राहिला.

कवडूचं काम मात्र वाढलं. जुन्या स्पीकरच्या पडद्याच्या कडेला फोमची झालर असते. ती आपल्या हवेत सडते, बोट लावलं की काळा चिकट भुसा हाती येतो. परसरामच्या बक्स्याची झालर गेली, कवडूने पार्सलने नवीन मागवली. मधली गुंडाळी घासू नये म्हणून दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या कापून तिच्याभोवती खोचल्या, सरस वाळेपर्यंत पडदा बरोबर मधात धरून ठेवला. दुसऱ्याच दिवशी भैयाजी दारात. त्याच्यात नवीन टाकली तर माझ्यातही टाक. याच्या बक्स्याची झालर चांगली होती. कवडूने तीही काढून नवीन टाकली. पुढे हा कायदाच झाला. एकाला चार खिळे तर दुसऱ्याला चार खिळे, एकाला नवीन जाळीचं कापड तर दुसऱ्याला त्याच थानातलं.

बारीक आवाजाचा तुकडा दुसऱ्यांदा जळाला तेव्हा तर मोठीच पंचाईत झाली. त्यात रेशमाची एक बोराएवढी टोपी असते. तसा तुकडा कुठे मिळेना. कवडूच्या घरात रेशीम एकच होतं, बायकोचं, पंचफुलाचं, कोशाचं लुगडं. तिच्या लग्नात तिच्या भावाने घेऊन दिलेलं. कवडूने आतल्या पदरातून रुपयाएवढी गोल चकती कापली, व्हार्निश पाजलं, लोखंडी गोळीवर बसवून टोपी केली. आणि कायदा होता म्हणून दुसरीही कापली. पंचफुलाला ती दोन भोकं सापडली तिच्या भाचीच्या लग्नाला निघताना. ती भांडली नाही. तिने तेच लुगडं नेसलं आणि मांडवात विचारील त्या प्रत्येक बाईला सांगितलं की एक भोक परसराम सेलोकराच्या घरी गाते अन् एक भैयाजीच्या.

अकरा वर्षं अशी. इतका जीव ओतलेली वस्तू कवडूने कायम अर्धीच ऐकली. दुकानात एक दुरुस्त करायचा, त्यात बासरी. तो गेला की दुसरा यायचा, त्यात तबला. आणि आता तबला लाखांदूरला चालला होता.

परसराम सहजासहजी तयार झाला नाही. आधी त्याचा बक्सा दुकानात जाऊ दे, म्हणाला. भैयाजीही हेच म्हणाला. शेवटी कवडूने दोघांना एकच वेळ दिली, सकाळच्या लाखांदूर एसटीचा हॉर्न वाजला की दोघांनी आपापल्या दारातून निघायचं. एक बक्सा बैलबंडीवर आला, एक मालवाहू रिक्षात. दोन्हींच्या पाठीवर ऑइल पेंटने मालकाचं नाव. आणि मालकही स्टुलं घेऊन आले. दुसऱ्याच्या बक्स्यात काही जास्तीचं पडू नये यासाठी ते आठही दिवस बसणार होते.

कवडूने कपॅसिटर बदलले, दोघांच्या डोळ्यांसमोर, एक याचा, एक त्याचा. मग टेपने मोजून बक्से सहा फुटांवर मांडले आणि दोरी ताणून तिसऱ्या कोपऱ्यावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली. परसरामचा ॲम्प्लिफायर लावला तर भैयाजी उठला, माझ्या बक्स्यात याचा करंट नको म्हणाला. करंट माझ्या मीटरचा आहे, असं कवडूने दाखवून दिलं तेव्हा बसला.

गाणं लावलं. कवडू खुर्चीत बसला आणि त्याचं तोंड पडलं. बाई कुठेच नव्हती. ती पाण्यात पडलेल्या तेलासारखी दुकानभर पसरली होती, थोडी पंख्यांच्या ढिगात, थोडी छताला. अर्ध्या मिनिटाने त्याच्या ध्यानात आलं. भैयाजीच्या बक्स्याचे आतले दोन तार उलटे होते, केशवरावांच्या वेळच्या कोण्या मिस्त्रीने उलटे जोडलेले. एक पडदा पुढे येई तेव्हा दुसरा मागे जाई. एकटा वाजवला तर काहीच कळत नाही, जोडीत सगळं बिघडते.

त्याने भैयाजीच्या बक्स्याचे तार उलटवले. परसराम स्टुलावरून उठला.

"त्याचे उलटवले तं माहेबी उलटव."

"तुमचे सुदे हायेत जी, भाऊ."

"मंग त्याले काहून जास्तीचं?"

आता दोन्हींचे उलटवले तर पुन्हा जिथल्या तिथे. हे समजावून सांगायला कवडूला दुपार लागली असती, आणि तरी परसराम मानला नसता. त्याने पेचकस घेतला, परसरामच्या बक्स्याचे तार काढले, दोनदा हवेत फिरवले, फुंकर मारली आणि होते तसेच लावून दिले. दुसरं खोटं. परसराम समाधानाने बसला.

गाणं पुन्हा लावलं, आणि बाई आली.

बियाण्यावाल्याचं कॅलेंडर भिंतीवर होतं, बरोबर त्याच्यासमोर उभी राहिली. उंचीने पंचफुलाएवढी. बासरीवाला डावीकडे मिक्सरच्या भांड्यांमागे, जरा आत. तबलजी उजवीकडे, मांडी घालून, जमिनीला लागून. बाईने कडव्याआधी श्वास घेतला तोही आला. कवडूने डोळे मिटले नाहीत. टक लावून कॅलेंडरकडे पाहत राहिला, आणि चार मिनिटं त्याच्या दुकानात बाहेरून ओरडणारं गिऱ्हाईकही कोणी आलं नाही. पाचव्या मिनिटाला त्याच्या तोंडून निघून गेलं.

"बाई मधात उभी हाये."

एवढं बोलला नसता तर पुढचं काही झालं नसतं.

भैयाजीने विचारलं, कोण बाई. मग त्याने कवडूला उठवलं आणि खुर्चीत बसला. ऐकलं. उठून कॅलेंडरच्या मागे पाहिलं. परसराम बसला. त्याने ऐकलं आणि तोही कॅलेंडरच्या मागे पाहून आला. दोघं भाऊ अकरा वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे पाहून, न भांडता बोलले. तिसरा बक्सा आहे, असं त्यांचं ठरलं. कवडूने अकरा वर्षं दोन्ही बक्स्यांतून थोडं थोडं सामान काढून तिसरा तयार केला आणि कुठे तरी लपवला असणार, म्हणे.

त्यांनी दुकान पालथं घातलं. पिठाच्या गिरणीची मोटार उघडून पाहिली. पंचफुला डब्बा घेऊन आली, तिला विचारलं, तिने सांगितलं की माझ्या लुगड्याला भोकं दोनच आहेत, तिसरं असेल तर मलाही दाखवा. शेवटी परसरामच म्हणाला, बक्सा नसेल, पण बाई तर आहे. ती दोन्ही बक्स्यांची मिळून आहे, म्हणजे वडिलार्जित आहे, आणि तिची वाटणी राहून गेली आहे.

टेप काढला. परसराम खुर्चीत बसून बोट दाखवी, भैयाजी भिंतीवर खडूने खूण करी. बाई भैयाजीच्या अंगाला एक वीत सरकलेली निघाली. मग भैयाजी बसला, परसरामने खूण केली, तर ती परसरामच्या अंगाला वीतभर निघाली. दोघंही आपापल्या बक्स्यापासून लांब कलून बसत, दुसऱ्यावर नजर ठेवायला, हे कवडूला दिसत होतं. पण त्याला भीती वेगळीच होती. भांडण वाढलं तर दोघं आपापला बक्सा उचलून चालते होतील, आणि त्याच्या वाट्याला अख्ख्या जन्मात चार मिनिटं येतील.

म्हणून तंटामुक्त समितीच्या चंद्रकलाबाईला त्यानेच बोलावलं. बाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, चष्मा आणि वही घेऊन आल्या. आधी दोघांचं ऐकलं, मग खुर्चीत बसून गाणं पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, पुन्हा लावा. तिसऱ्यांदा ऐकून त्यांनी कवडूला विचारलं की यातला एक बक्सा नेला तर ही बाई कोणाबरोबर जाईल.

"कोनाबरबरच नाई जात जी," कवडू म्हणाला. "मरते."

हे मात्र खोटं नव्हतं.

चंद्रकलाबाईंनी वहीत लिहिलं. डावा बक्सा परसरामचा, उजवा भैयाजीचा, त्यात बदल नाही. मधातली बाई सामाईक, विहिरीसारखी. सामाईक विहीर कोणी आंदणात देत नाही, तिला पाळ्या असतात. तेव्हा बक्से कवडूच्या दुकानातच राहतील, आणि खुर्चीवर एक दिवस परसराम, एक दिवस भैयाजी, सकाळी नऊ ते दहा. दोघांच्या सह्या घेतल्या. भैयाजीने आंदणाचं काय, असं विचारलं. बाई म्हणाल्या, पोरीलेच विचार. खुशबूला विचारायची गरज पडली नाही. तिने संध्याकाळीच भंडाऱ्याच्या दुकानात फोन करून मशीनचा रंगही सांगून टाकला.

कवडूने सगळं होईपर्यंत वाट पाहिली आणि मग हळूच विचारलं, माझी पाळी. चंद्रकलाबाई चष्मा पुसत म्हणाल्या की विहिरीवरची मोटार दुरुस्त करणाऱ्याला पाण्याची पाळी असते असं त्यांनी कुठे ऐकलं नाही. शिवाय दहानंतर वाजवायचं नाही. दोघांच्या मागे बाई फुकट झिजते, या एका मुद्द्यावर दोघं भावांचं एकमत होतं. ॲम्प्लिफायरचा प्लग परसराम घरी घेऊन जाऊ लागला.

पहिल्या दिवशी भैयाजीची पाळी. तो अंघोळ करून, धुतला सदरा घालून आला. खुर्चीत पाच मिनिटं बसला आणि चुळबुळ करू लागला. समोर परकी बाई उभी आणि आपण एकटक पाहत बसलो, हे त्याला काही बरं वाटेना. त्यात त्याच्या बायकोला कोणी तरी जाऊन सांगितलं होतं की भैयाजीची कवडूच्या दुकानातल्या एका बाईवर एक दिवसाआड पाळी लागली आहे. त्याने खुर्ची उचलली आणि आपल्या बक्स्याजवळ नेली. कान लावून बसला. तबला आला, नेहमीसारखा, आणि त्याच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी परसराम. तो मधात बसला आणि त्याने तक्रार केली की मधात बसलं म्हणजे आपला बक्सा दूर पडते अन् त्याचा जवळ येते. त्यानेही खुर्ची आपल्या बक्स्याला चिकटवली. बासरी ऐकत बसला. दहा मिनिटांनी भिंतीला डोकं टेकून घोरू लागला.

गाणं चालू होतं. मधातली जागा मोकळी होती.

कवडू दाराशी बसून भुयार गावच्या एका शेतकऱ्याची पाणबुडी मोटार उघडत होता. उन्हाळी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले होते त्याने, संध्याकाळपर्यंत मोटार पाहिजे, सांगून गेला होता. जळालेली तार कापून काढली होती, नवीन भरायची होती. कवडूने एकदा परसरामकडे पाहिलं. मग मोटार, तारेचं रीळ, बांबूच्या खुंट्या, सगळं पोत्यावर ठेवून ते पोतं ओढत मधात आणलं. दोरी ताणून पाहायचं कारण नव्हतं. फरशीवर खुर्चीच्या चार पायांच्या खुणा होत्या. तो त्यांच्यावर मांडी घालून बसला.

पंचफुला डब्बा ठेवायला आली. तिने झोपलेला परसराम पाहिला, मधात बसलेला नवरा पाहिला, आणि विचारलं की भाजीत वांगी आहेत, चालेल का.

कवडूने एक हात वर केला, थांब म्हणून. दुसऱ्या हाताने तार खाचेत बसवत होता आणि फेरे मोजत होता. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. एक फेरा चुकला तर अख्खी खाच पुन्हा उसवावी लागते.